कडा न कापलेलं पुस्तक

पुलाच्या मध्यावर आल्यावर काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "जरा धर. आडवं धर हं, सपाट. बाळाला घेतात तसं नको. बाळ वाकलं तरी चालतं."

मी दोन्ही हात पुढे केले. दोन लाकडी फळ्यांमध्ये दोरीने आवळलेलं आणि वरून जुन्या चादरीत गुंडाळलेलं ते पुस्तक त्यांनी माझ्या हातांवर ठेवलं, हातरुमालाने मान पुसली आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. अर्धा रस्ता झाला होता, अर्धा बाकी होता. खाली पलीकडच्या काठावर कुणीतरी चटया धूत होतं. चटई दगडावर पडलेली आधी दिसायची आणि आवाज मागून यायचा.

"अजून सांगते, रिक्षा करू या," मी म्हणाले.

"आणि पहिल्याच खड्ड्यात पाठ मोडली म्हणजे?"

"तुमची?"

"पुस्तकाची गं! माझी मोडायची ती केव्हाच मोडली. आतून खळ अजून ओली आहे. दणका बसला तर सगळी शिलाई एका बाजूला कलेल. चल, आण इकडे."

आम्ही निघालो होतो बाइंडिंगच्या कारखान्यात. काकूंची उमेदीची सगळी वर्षं तिथे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवण्यात गेली. पुस्तक शिवून झालं होतं, पाठीला खळ लावली होती, पण काकूंच्या मते ते अजून पुस्तक झालेलं नव्हतं. कडा कापून एकसारख्या व्हायच्या होत्या. त्याला मोठं मशीन लागतं. "कडा कापल्याशिवाय पुठ्ठा चढवायचा म्हणजे आंघोळ न करता नवा सदरा घालण्यासारखं आहे," असं त्या आठवडाभर म्हणत होत्या. पुस्तकात त्यांच्या यजमानांच्या हातची पानं होती. मी त्यांना काका म्हणते, पण मी त्यांना कधीच पाहिलं नाही. मी वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा ते जाऊन बराच काळ झाला होता.

काका एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्या वेळी डॉक्टर लिहून देत आणि कंपाउंडर मोठ्या बरणीतून औषध बाटलीत भरून वर चिठ्ठी चिकटवत. 'जेवणानंतर घ्यावे.' 'बाटली हलवून घ्यावी.' 'सावलीत ठेवावे.' काकांच्या चिठ्ठ्या म्हणजे छापील वाटाव्यात अशा. काकू सांगतात, औषध संपलं तरी लोक बाटल्या टाकत नसत, त्यात घासलेट भरून ठेवत. घरात घासलेटाच्या बाटलीवर 'जेवणानंतर घ्यावे' असं लिहिलेलं बघून एका पाहुण्याची भंबेरी उडाली होती म्हणे. पुढे कारखान्यात भरलेली, छापील कागद लावलेली औषधं आली आणि काकांच्या अक्षराचं दवाखान्यातलं काम संपलं. पुड्या मोजून द्यायच्या एवढंच राहिलं.

मग ते घरी लिहू लागले. बोरू तिरका तासून, शाई घोटून, रोज संध्याकाळी एक पान. लिहायचं काय, तर तेच. काकूंनी एकदा म्हटलं होतं, "अहो, काहीतरी चांगलं लिहा की, एखादा श्लोक लिहा." तर म्हणाले, "माझ्या हाताला हेच पाठ आहे. मजकुराकडे लक्ष नको, अक्षराकडे राहू दे." कागद काकू आणायच्या. छापताना वाया गेलेले, एका बाजूने कोरे कागद मालकांना विचारून त्या घरी आणत. म्हणून काकांच्या प्रत्येक पानाच्या मागे भलत्याच कुठल्यातरी पुस्तकाचा उलटा-सुलटा छापलेला तुकडा आहे. एका पानामागे विहिरी कशा खणाव्यात ते आहे. एकामागे अर्धी बाराखडी.

"तुम्ही शिवत का नव्हता ती पानं?" मी पहिल्यांदा ट्रंक उघडलेली पाहिली तेव्हा विचारलं होतं. ट्रंक काठोकाठ भरलेली, सगळी पानं सुटी. खोली बदलताना हमालाने ट्रंक आडवी केली होती, तेव्हापासून सगळा क्रम विस्कटलेला.

"मी म्हणायचेच की, द्या, शिवून टाकते. तर म्हणत, थांब, अजून नीट जमलेलं नाही. नीट जमलं की शीव." काकूंनी एक पान उचललं आणि म्हणाल्या, "एवढ्या लोकांची पुस्तकं शिवली मी. वकिलांची, डॉक्टरांची, कुणाकुणाची. आणि यांची पानं अशी वाऱ्यावर. मी गेले की कोण ठेवणार आहे? रद्दीवाला वजन करून नेईल. मागच्या बाजूला छापलेलं आहे म्हणून भावही कमी देईल."

हे त्या हसत म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. डोळे साथ देत होते तोवर आणि बोटं दोरा ओढत होती तोवर त्यांना ते पुस्तक करायचं होतं. पैकी बोटांची तक्रार सुरू झालेली होतीच. चहाचा कप बशीत ठेवताना खडखड वाजे. सुईत दोरा ओवायला मला खालून हाक यायची, "मास्तरीणबाई, खाली ये गं, ही सुई आज माझ्याशी बोलत नाही."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, म्हणून मास्तरीण. पानं लावायचं काम माझ्याकडे आलं तेही त्यामुळेच. काकू म्हणाल्या, "तुला अक्षरातलं कळतं. तू क्रम लाव." तारीख एकाही पानावर नव्हती. कागदाचा रंग बघावा तर सगळेच सारखे पिवळे. मग मी अक्षराकडे बघून लावायला घेतलं. माझा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यात गेला. जूनमधली वही आणि मार्चमधली वही मला कव्हर न बघता ओळखता येते. आधी रेघ थरथरते, काना वाकडा पडतो, शिरोरेषा उतरणीला लागते. मग हळूहळू हात स्थिर होतो. तशीच ही पानं होती. काही पानांवर रेघ इतकी कापरी की 'बाटली' शब्दातली बाटलीच हलतेय असं वाटावं. ती मी सर्वांत खाली, म्हणजे सुरुवातीला ठेवली. त्यावर जरा सावरलेली, त्यावर बरी, त्यावर चांगली. सर्वांत शेवटी अशी पानं होती की बघत राहावं. काळ्याभोर, भरीव, एका ठेक्यात उभ्या असलेल्या ओळी.

काकू चहा घेऊन आल्या. मी एकेक गठ्ठा उचलून दाखवला. "बघा, इथे ते शिकत होते. इथे हात बसायला लागला. आणि हे बघा!"

काकूंनी पहिला गठ्ठा हातात घेतला. मग शेवटचा. मग पुन्हा पहिला. मग म्हणाल्या, "हं. असं लावलंस होय." आणि त्याच संध्याकाळी खळ शिजायला ठेवली.

सुटं पान शिवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याला घडी हवी, घडीतून दोरा जातो. म्हणून दोन-दोन पानं शेजारी ठेवून पातळ कागदाच्या पट्टीने जोडायची, पट्टीवर घडी घालायची, अशा काही जोड्या एकात एक बसवायच्या, की फर्मा तयार. मग फर्मे एकमेकांना शिवत जायचं. प्रत्येक नवा फर्मा आधीच्याला टोकाशी गाठीने बांधला जातो. काकू जमिनीवर पाट घेऊन बसत, दोरा मेणावरून ओढत, दाभणाने भोकं पाडत. हात कापायचा तो सुई घडीत शिरेपर्यंत. एकदा शिरली की हाताला रस्ता आठवायचा. मी पट्ट्यांना खळ लावत असे. जास्त लागली की ओरडा बसे. "हे काय, कागद शिजवतेस का?"

एकदा काम करताना त्यांनी मला विचारलं, "तू संध्याकाळी देवापाशी बसतेस, आजारी माणसांची नावं घेतेस म्हणे. ऐकतो का गं तुझा देव? की तुमच्या हेडमास्तरांसारखा अर्ज ठेवून घेतो?"

"ठेवून घेतो," मी म्हणाले. "पण परत पाठवत नाही."

काकू हसल्या. "मुरलेला दिसतो," म्हणाल्या.

तर असं ते पुस्तक घेऊन आम्ही पूल उतरलो, भाजीच्या गाड्या मागे टाकल्या, सायकलवाल्यांच्या गल्लीतून वळलो आणि कारखान्याच्या दारात पोचलो. आत शिरताच खळीचा आंबूस वास आला. काकूंनी तो वास असा ओढून घेतला, जसं कुणी माहेरच्या दारात उभं राहून घेतं. भिंतीला टेकून बायका गोणपाटावर बसल्या होत्या, घड्या घालत होत्या. हाडाची पट्टी कागदावरून सर्रकन फिरायची, पान बाजूला, सर्रकन, पान बाजूला. त्यातली एक ओळखीची निघाली, तिने बसल्या जागेवरून हात केला, पण काम सोडलं नाही.

मशीनवर काकूंच्या वेळचेच भाऊ होते. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. दोरी सोडून, फळ्या काढून त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला.

"शिलाई तुमचीच. विचारायला नको," ते म्हणाले. "पण कागद काय हे, ताई! एक लांब, एक आखूड. पावसात निघालेल्या वरातीसारखे दिसताहेत."

"म्हणून तर आणलंय. नाहीतर तुझं तोंड बघायला आले असते का?"

"तिन्ही बाजूंनी दोन सूत तरी जाईल. मग बघा, आरशासारखी कड येते की नाही."

"घे," काकू म्हणाल्या.

भाऊंनी पुस्तक मशीनच्या पाटावर सरकवलं, पाठीमागच्या आडव्या पट्टीला भिडवलं आणि वरचं चाक फिरवलं. जड लोखंडी दाब हळूहळू खाली आला आणि पानांवर बसला. पुस्तक जरासं दबलं, श्वास सोडल्यासारखं. पहिलं पान वर होतं. ते सर्वांत कापरं पान. 'बाटली हलवून घ्यावी' ही ओळ त्यावर उतरत उतरत गेलेली, आणि शेवटचं अक्षर कागदाच्या अगदी कडेला जाऊन टेकलेलं. हात वेळेवर थांबला नसावा. दाबाच्या बाहेर, पात्याच्या खाली, नेमकं तेच अक्षर दिसत होतं.

भाऊंनी दांड्याला हात घातला.

"थांब," काकू म्हणाल्या.

"काय झालं?"

"थांब म्हटलं ना. दाब उचल."

"अहो ताई, तेवढं अक्षर जाईल फार तर. मागे एवढी पानं आहेत. आणि ते काय धड अक्षर आहे का?"

काकूंचा आवाज चढला नाही. पण भिंतीकडच्या हाडाच्या पट्ट्या थांबल्या. "दाब उचल, भाऊ."

भाऊंनी चाक उलटं फिरवलं. काकूंनी पुस्तक ओढून घेतलं, पहिल्या पानावर दाबाचा वळ उमटला होता तो तळव्याने पुसल्यासारखा केला.

"इतकी वर्षं इथे काढलीत आणि कडा न कापता पुस्तक नेणार?" भाऊ म्हणाले. "लोक म्हणतील, उंदरांनी कुरतडलं."

"लोकांना दाखवतंय कोण?" काकू म्हणाल्या. "फळ्या दे इकडे. आणि पुठ्ठ्याचे दोन तुकडे दे, जरा मोठे काप. कडा झाकून उरतील असे."

भाऊंनी पुठ्ठा कापून दिला. वर हिरव्या कापडाचा एक तुकडाही न मागता गुंडाळून दिला. "चहा तरी घ्या," म्हणाले. पण काकू केव्हाच दाराबाहेर होत्या.

परतताना मी रिक्षाचं नावही काढलं नाही. पुस्तक त्यांच्याकडे, पुठ्ठे माझ्याकडे. सायकलवाल्यांची गल्ली संपली. शेवटी मला राहवेना.

"काकू, एवढ्या लांब आलो होतो कडा कापायलाच. पहिलंच पान, शिकाऊ हाताचं. थोडं कापलं गेलं असतं तर काय बिघडत होतं?"

"ते पहिलं नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ते शेवटचं आहे. त्यानंतर त्यांनी बोरू धरला नाही. धरता येईना."

मी उभीच राहिले.

"हात कापायला लागला होता त्यांचा. आधी चमचा सांडायचा, मग सदऱ्याची बटणं लागेनात. लिहिणं मात्र सोडलं नाही. मीच चेष्टा करायचे, बाटली हलवून घ्यावी लिहिता लिहिता स्वतःच हलायला लागलात. हसायचे." काकू चालतच होत्या, मला पळत त्यांना गाठावं लागलं. "तू ज्याला शिकतायत म्हणालीस ना, ते त्यांचं मिटत चाललेलं अक्षर. चांगली पानं आधीची. हात धड होता तेव्हाची."

"अहो, मग तेव्हाच बोलायचं नाही का!" मला रडू यायच्या बेतात होतं. "सगळा क्रम उलटा लागला. आपण उसवू या. मी सुट्टी काढते, पुन्हा जोडू, पुन्हा शिवू."

"काही उसवायचं नाही."

"पण चूक आहे ती!"

"असू दे." आम्ही पुलाच्या चढाला लागलो होतो. काकूंना धाप लागली होती, तरी त्या बोलत राहिल्या. "मीही मागितलं होतं तुझ्या देवाकडे. रोज मागत होते. यांचा हात थांबू दे, म्हणत होते. थांबला, पण भलत्याच तऱ्हेने. मग मी काही मागायचंच सोडलं. आणि त्या दिवशी मी चहा घेऊन आले तर तू सतरंजीवर बसून गठ्ठे लावून ठेवलेले. पहिल्या पानावर हात थरथरतोय. दुसऱ्या गठ्ठ्यात जरा कमी. तिसऱ्यात आणखी कमी. आणि शेवटी माझे ते पूर्वीचे, काळ्याभोर अक्षराचे. तुला कळतंय का, मास्तरीण? त्या पुस्तकात ते बरे होत जातात."

मी मनातल्या मनात हात जोडले. ते कुणासाठी, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

पुलाच्या मध्यावर काकू पुन्हा थांबल्या. चटया धुऊन झाल्या होत्या, काठावर ओळीने वाळत घातल्या होत्या. या वेळी त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं नाही. कठड्यावर ठेवलं आणि वर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. ते हात कापत होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

"आमची खोली एकच," त्या म्हणाल्या. "त्यांचं टेबल खिडकीशी आणि माझं शिलाईचं काम दाराशी. कारखान्यातून मी फर्मे घरी आणायचे ना. त्यामुळे मी इकडे तोंड करून, ते तिकडे तोंड करून. सगळ्या संध्याकाळी अशाच, पाठीला पाठ लावून. मधेच ते म्हणायचे, अगं, जरा इकडे ये. शेजारी बस. मी म्हणायचे, का, तुमचं अक्षर काय पळून जाणार आहे, राखण करायला? ते म्हणायचे, तसं नाही, नुसती बस. मला म्हणायचे, तूही गिरव एखादं अक्षर, तुझी सही म्हणजे मुंग्यांची रांग आहे. मी म्हणायचे, हे फर्मे संपू देत, मग बसते." त्यांनी पुस्तकावरची चादर उगाच सारखी केली. "फर्मे कधी संपतात का गं?"

खालून एक होडी गेली. होडीवाल्याने वर बघितलं आणि पुलाखाली दिसेनासा झाला.

"पुठ्ठा चढला की मी लिहायला बसणार आहे," काकू म्हणाल्या.

"तुम्ही?"

"का? माझ्या हाताला काय धाड भरलीय? हे पुस्तक समोर ठेवायचं, पहिलं पान उघडायचं आणि त्याखाली गिरवायचं. माझा हात आता तेवढाच कापतो. एकदम चांगल्या पानापासून सुरू केलं असतं तर मला जमलं नसतं. पण इथून जमेल. यांच्याबरोबरच जाईन पुढे, एकेक पान. जाईन तिथपर्यंत जाईन."

"मी शिकवीन ना," मी म्हणाले. "बोरू कसा धरायचा, रेघ कुठून सुरू करायची, मला सगळं येतं. शाळेत तेच तर करते."

"नको बाई. तू चुका काढशील. लाल पेन घेऊन येशील."

"मग मी काय करू?"

काकूंनी पुस्तक उचललं, छातीशी धरलं, आणि या खेपेस बाळाला घेतात तसंच धरलं.

"संध्याकाळी तुझं देवापाशी बसणं झालं की खाली येत जा," त्या म्हणाल्या. "बोलू नकोस, शिकवू नकोस. मी लिहीत असताना जरा शेजारी बस. नुसती बस."